सगळ्या गाड्या एकाच नंबराच्या

माझा राग नेमका कुणावर आहे, हे आजही मला धड सांगता येत नाही. पार्किंगच्या ठेकेदारावर आहे, मालकांच्या नंबराच्या वेडावर आहे, वहिनींवर आहे आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवर आहे. पण स्वतःवरचा राग माणूस सगळ्यात शेवटी काढतो, म्हणून आधी बाकीच्यांचं सांगते.

अमरावतीतल्या औषधांच्या एका ठोक एजन्सीत मी एकोणीस वर्षं नोकरी करते. गाड्या भरून माल गावोगावच्या मेडिकल दुकानांत पोचवायचा, हे काम माझ्याकडे. आमच्या सात छोट्या मालवाहू गाड्या आहेत. एकेका गाडीला एकेक लाइन ठरलेली, आणि ड्रायव्हरलाही लाइनच्याच नावानं हाक मारायची पद्धत. मोर्शी आला का, अचलपूर जेवला का, भातकुलीचं टायर बसलं, असं आमचं बोलणं चालतं. नव्या माणसाला वाटतं, ही बाई गावांशीच बोलते.

ही हकीकत अकोल्याची. अकोला म्हणजे पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे एक गृहस्थ. सोळा वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. सकाळी सातला यायचे, "जयभीम ताई" म्हणायचे, खोकी स्वतः मोजायचे, इन्सुलिनचा बर्फातला डबा आपल्या सीटच्या मागे ठेवायचे आणि निघायचे. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई म्हणतात. यापलीकडे आमच्यात सोळा वर्षांत फारसं बोलणं झालं नव्हतं, कारण बोलायची वेळच आली नव्हती.

ज्यानं कधी गाड्या सांभाळल्या नाहीत त्याला पार्किंगचा दंड ही चिल्लर गोष्ट वाटते. त्यानं एक महिना माझ्या खुर्चीत बसून पाहावं. दुकानदाराला माल दारात पाहिजे. दारात गाडी लावली की पोलीस फोटो काढतो आणि मिनिटभरात माझ्या मोबाइलवर चलान येतं, कारण सातही गाड्यांना माझाच नंबर जोडलेला आहे. लांब लावली तर हमाल म्हणतो, इतक्या दुरून खोकी आणायचे पैसे वेगळे. पैसे भरून रीतसर मैदानात लावली तर पावती एका तासाची. तिकडे दुकानदार चहा पीत पीत बिल तपासतो, एक्स्पायरीचा जुना माल परत काढतो, त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना विचारून येतो, आणि इकडे पावतीची मुदत संपते. मग पुन्हा दंड. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी ड्रायव्हरची गत. आणि घरी जाऊन जेवायला बसावं तर ताटाशेजारी मोबाइल वाजतो, की परतवाड्याच्या चौकात आपली गाडी उभी आहे म्हणून.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मालकांनी वर्षाचे दंड एकत्र पाहिले आणि म्हणाले, "यवढ्यात एक नवी गाडी आली असती." हे खरं नव्हतं, एक चाकही धड आलं नसतं, पण बोलायला बरं वाटलं असेल. त्या दिवसापासून नियम झाला: ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याचा दंड. पगारातून कापायचा. हा नियम मालकांचा, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगत असे. पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्या ड्रायव्हरांना गोडाऊनच्या दारात उभं करून दंडाची यादी मोठ्यानं वाचायची, ही कल्पना माझी होती. माझे वडील शिक्षक होते आणि सहामाहीचे मार्क असेच वर्गात वाचून दाखवायचे. त्यानं मुलं सुधारतात असं ते म्हणत. माझ्या वर्गातलं कुणी सुधारल्याचं मला आठवत नाही, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

आता नंबराचं वेड. मालकांनी धंदा सुरू केला तो एका जुन्या स्कूटरवर. तिच्या नंबराच्या चार आकड्यांची बेरीज नऊ. धंदा चालला, आणि ते चार आकडे लक्ष्मीची पावलं ठरले. तेव्हापासून घरात कोणतंही वाहन आलं तरी शेवटचे चार आकडे तेच पाहिजेत. मधली अक्षरं बदलतात, आकडे बदलत नाहीत. त्यासाठी आरटीओत वेगळे पैसे भरायचे, नवीन सिरीज उघडायची वाट पाहायची, तोवर नवी कोरी गाडी उभी ठेवायची. सातपैकी पाच गाड्यांच्या वेळी त्या खिडकीवर मीच उभी होते. तिथला बाबू मला पाहून म्हणायचा, "आल्या का बाप्पा नऊवाल्या बाई." सात मालगाड्या, घरची पांढरी कार आणि ती म्हातारी स्कूटर, सगळ्यांना एकच नंबर. गाडीत ठावठिकाणा सांगणारं मशीन बसवा म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते. नंबरासाठी पैसे निघायचे, मशीनसाठी कधी निघाले नाहीत.

अकोल्याला औषधबाजाराजवळ एक मैदान आहे. तिथे एका ठेकेदारानं पैसे घेऊन गाडी लावू द्यायची सोय केली. रोज सुट्ट्या पैशांवरून कटकट होऊ नये म्हणून मी त्याच्याकडे महिन्याचं खातं उघडलं. पावतीवाल्यानं विचारलं, पूर्ण नंबर लिहून घेऊ का. मी म्हटलं, शेवटचे चार आकडे लिही, पुरे. आमच्या सगळ्या गाड्यांचे तेच आहेत, उद्या दुसरी गाडी आली तरी वांधा नको. हे बोलून झाल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. तसं मी घरीसुद्धा सांगितलं.

फाल्गुनात ठेकेदाराकडून अकोल्याची यादी आली. त्यात तारीख, चार आकडे आणि पावती संपल्यावर गाडी किती तास जास्त उभी होती ते लिहिलेलं. चार वेळा दंड होता. कुठे तीन तास, कुठे साडेतीन. उन्हं तापायला लागलेली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो इन्सुलिनचा डबा. मला वाटलं, हा माणूस माल टाकून कुठेतरी ताणून देतो आहे. शनिवारी मी यादी वाचली. मोर्शीचा एक, अचलपूरचे दोन, अकोल्याचे चार. सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले.

यादी संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "ताई, हे माहे नोहेत. मी दहाले गाडी लावतो, अकराच्या आत काढतो. मंग मूर्तिजापूरले जातो."

"कागदावर लिहिलं आहे भाऊ."

"कागदावर असन. पण मी नवतो तिथं."

मी पुढचं बिल हातात घेतलं. ते निघून गेले.

पुढच्या महिन्यात पुन्हा चार. या वेळी ते आपल्या पावत्या घेऊन आले. रबर लावलेला छोटा गठ्ठा, तारखेवार. म्हणाले, "पाहा ताई. आत गेलो ती वेळ हाये, मांगं मी निंगलो ती वेळ पेनानं लिवली हाये."

मी म्हटलं, "निघाल्याची वेळ तुम्हीच लिहिलीत ना? मग?"

"आन हे दंड सारे गुरुवारचेच काहून हायेत, हे तं पाहा. मी तं रोजच जातो अकोल्याले."

"ते मी तुम्हाला विचारायला पाहिजे, भाऊ."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरचा अकाउंटंट मान खाली घालून बसला. ते काही चिडले नाहीत. गठ्ठ्याला रबर लावता लावता म्हणाले, "सोळा वर्षं झाले. मी तुमाले कधी खोटं बोललो का, ताई?" मी म्हटलं, सोळा वर्षांचं मला माहीत आहे, या महिन्याचं बोला. या एका वाक्याबद्दल मला कुणी थोबाडीत मारली तरी मी तक्रार करणार नाही.

मूर्तिजापूरच्या कोणत्याही दुकानात एक फोन केला असता तर गुरुवारी माल किती वाजता पोचला ते दोन मिनिटांत कळलं असतं. मी दिवसाला चाळीस फोन करते. तो एक केला नाही. कॅलेंडर माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं. मान वर करून तारखा आणि वार ताडून पाहिले नाहीत. कागद म्हणतो म्हणजे खरं, माणूस म्हणतो ते सिद्ध करावं लागतं, हा माझा हिशेब.

तिसऱ्या महिन्यात मालकांनी सांगितलं, अकोल्याची लाइन बदला. मी बदलली. त्यांना भातकुली दिलं आणि भातकुलीच्या तिशीतल्या ड्रायव्हरला अकोला. भातकुली म्हणजे दुपारपर्यंत संपणारी लाइन. भत्ता नाही, आणि ती नेहमी सगळ्यात नव्या माणसाला मिळते. पद्धतीप्रमाणे दुसऱ्या दिवसापासून हाकही बदलली. सोळा वर्षं ज्याला सगळे अकोला म्हणत होते, त्याला आवाज गेला, "ओ भातकुली, तुमचे खोके इकडं." त्यांनी वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा हाक मारल्यावर आले. मी चष्मा पुसत होते.

आणि मग पुढची यादी आली. अकोला: चार दंड, तीन-तीन तास.

माझं डोकं असं तडकलं की काय सांगू. माणूस बदलला, लाइन बदलली, भत्ता वाचला, तरी दंड तेवढेच. आणि माझ्या शहाणपणाची कमाल अशी की तरीही मला पहिला संशय हाच आला, की जुन्यानं नव्याला शिकवलं असणार. एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं. नव्या ड्रायव्हरला बोलावलं तर तो उलट माझ्यावरच उखडला. "मले नका शिकवू मॅडम. मी पाऊण तासात बाहेर निंगतो. तुमीच येऊन पाहून घ्या न एकदा."

म्हणून मी गेले. गुरुवारीच, कारण एव्हाना मान वर करून कॅलेंडर पाहिलं होतं. सकाळची एसटी पकडली, खिडकीपाशी बसले आणि वाटेत दोघांनाही काय काय सुनवायचं याची उजळणी केली. मैदानावर पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आमची मालगाडी कुठेच नव्हती. कडुनिंबाच्या सावलीत, सगळ्यात चांगल्या जागी, मालकांच्या घरची पांढरी कार उभी होती. वायपरखाली मुदत संपल्याची पिवळी चिठ्ठी. नंबर अर्थातच तोच.

पावतीवाल्याला मी विचारलं, ही गाडी कुणाची? तो म्हणाला, "एजन्सीची न. अमरावतीची. खातं हाये त्याईचं." मी म्हटलं, अरे, ही कार आहे, मालगाडी दिसते का तुला? तर म्हणाला, "आमाले काय मालूम? चार आकडे लिवाचे असं ठरलं हाये. तुमच्याच हापिसातली बाई सांगून गेली."

मी त्या बाईची ओळख दिली नाही.

झाडाखालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर मी बसून राहिले. चार वाजायच्या सुमाराला मालकीणबाई आल्या. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. पन्नाशीत हट्टानं गाडी शिकल्या आणि तेव्हापासून एकट्या अकोल्याला येतात, याचं मला कौतुकच होतं. हातात प्रसादाचा डबा, कपाळाला बुक्का. मला पाहून त्यांना आनंद झाला.

"काहून वं, तू इथं? साड्या घ्याले आली का?"

मी विचारलं, तुम्ही दर गुरुवारी येता का? तर हो म्हणाल्या, बहिणीकडे पारायण असतं, होळीच्या आधीपासून सुरू केलं. बहिणीच्या गल्लीत गाडी वळत नाही, म्हणून इथे लावतात. "माह्याकडून तं पैसेबी नाही घेत हे. आपला नंबर पाह्यला का आतच घेतात. चांगले लोक आहेत." असं म्हणत त्यांनी वायपरखालची पिवळी चिठ्ठी काढली, चुरगाळली आणि टाकून दिली.

"वहिनी, तो दंड आहे."

"असन. ऑफिसातून भरतच असशीन तू."

भरतच होते. दर महिन्याला, वेळेवर, एका माणसाच्या पगारातून. त्यांनी मला गाडीत बसवलं, प्रसाद दिला आणि अमरावतीपर्यंत भाच्याच्या लग्नाचं सांगितलं. प्रसाद मी रुमालात बांधला. त्यांना हे सगळं कळावं म्हणून बोलायला मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा समोरून ट्रक आला.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं. ते आधी हसले, मग मी हसत नाही हे पाहून गंभीर झाले. "पैसे परत करून टाक त्याचे. वरून हजार दे. पण वहिनीचं नाव नको काढू सगळ्याइपुढं. चांगलं नाही दिसत."

मी म्हटलं, भाऊंचं नाव मी सगळ्यांपुढंच काढलं होतं, तेव्हा चांगलं दिसलं?

"ते वेगळं," मालक म्हणाले. मी एवढंच म्हटलं की शनिवारी मी वाचणार आहे, मला काढायचं तर त्याआधी काढा. त्यांनी फोन उचलला आणि कुणाशी तरी मालाबद्दल बोलायला लागले.

शनिवारी सगळे नेहमीसारखे दारात उभे राहिले. मी यादी हातात घेतली नाही. सांगितलं, की अकोल्याचे फाल्गुनापासूनचे सगळे दंड मालकांच्या घरच्या कारचे होते. भाऊंचा एकही नव्हता. त्यांनी मला दोनदा सांगितलं, पावत्या आणून दाखवल्या, मी पाहिल्या नाहीत. चूक माझी आहे. आजपासून पूर्ण नंबर लिहिला जाईल आणि ही यादी वाचणं बंद. अचलपूर खाली पाहून हसला. नवा अकोला म्हणाला, "मंग माहे चार?" तेही तुझे नाहीत, मी म्हटलं.

भाऊ गाडीला दोर बांधत होते. गाठ पूर्ण मारली, ओढून पाहिली, मग म्हणाले, "बरं झालं ताई, कळलं ते." मी दिलेलं पैशांचं पाकीट घेतलं, पैसे मोजले, आणि वरचे हजार काढून माझ्या टेबलावर ठेवले. "हे माहे नोहेत."

सोमवारपासून ते परत अकोल्याला जायला लागले. मला हलकं वाटलं. संपलं, असं वाटलं. दहा वाजून पाच मिनिटांनी मोबाइल वाजला. फोटो होता. मैदानात उभी गाडी, अक्षरांसकट पूर्ण नंबर, पुढे धरलेली पावती आणि पावतीशेजारी मनगटावरचं घड्याळ. अकराला दहा कमी असताना दुसरा फोटो, मैदानाच्या फाटकाबाहेरचा. दुपारी मूर्तिजापूरच्या दुकानाचा, दुकानदारासकट. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मेसेजमध्ये एक अक्षर नाही, फक्त फोटो. कामाच्या गर्दीत, मीटिंगमध्ये, बँकेच्या रांगेत, दिवसातून तीन वेळा तो फोन वाजायचा आणि माझा जीव मेटाकुटीला यायचा. त्यांच्यावर चिडायला मला तोंड नव्हतं, आणि चिडल्याशिवाय राहवतही नव्हतं.

तीन आठवडे मी सहन केलं. मग एका सकाळी गाडी भरून झाल्यावर त्यांच्या खिडकीपाशी गेले.

"भाऊ, ते फोटो नका पाठवत जाऊ आता. खरंच गरज नाही. माझा तुमच्यावर भरोसा आहे."

त्यांनी इन्सुलिनचा डबा सीटमागे नीट बसवला, गाडी सुरू केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नेहमीसारखंच.

"तवाबी व्हताच न, ताई," ते म्हणाले.

गाडी गेली. दहा वाजून सात मिनिटांनी फोटो आला.